दादूस, तुझ्या फोनवर अजून ओ येते

आज सकाळी सहा वाजता तुझा फोन माझ्या ओट्यावर एक्केचाळीस वेळा वाजला. काल तुझं दहावं झालं, दादूस, पण या यंत्रांना ते कोण सांगणार? आपट्याच्या पंपाने ओ दिली. उरणच्या बर्फाच्या कारखान्याने दिली. खांदा कॉलनीतल्या तीन सोसायट्यांच्या टाक्यांनी एकापाठोपाठ एक दिली. सगळ्यात शेवटी, नेहमीसारखी रेंगाळत, तुझ्या गावच्या बांधावरच्या डब्याने दिली. मी चहा गाळत होते. गाळणी तशीच हातात धरून उभी राहिले आणि चहा निवून गेला.

फोन काल वहिनीने दिला. दहाव्याची माणसं पांगल्यावर तिने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि एक कापडी पिशवी पुढे केली. आत तुझा फोन, चार्जर आणि तुझी ती लांबडी वही. म्हणाली, रोज सकाळी हा वाजायला लागतो आणि मी उठून त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवते. दहा दिवस ठेवलं, आता नाही जमत. मुलगा सोमवारी जाऊन नंबर बंद करायचा अर्ज देणार आहे. मग पिशवीचे बंद उगाचच पुन्हा बांधत म्हणाली, "बाय, त्या मशिनींना तूच सांग. ते नाय आता म्हनून."

सांगणं इतकं सोपं असतं तर! हा घोळ तूच घालून ठेवलायस. आपण पंपांना, टाक्यांना बसवलेल्या प्रत्येक डब्यात एक सिम आहे, आणि तो डबा एकाच नंबरचं ऐकतो. त्या मालक-नंबरावरून हुकूम गेला तर पंप चालू, नाहीतर ढिम्म. धोक्याचा निरोपही त्याच नंबराला जातो आणि तिथून पुढे गिऱ्हाइकाला. मी शंभरदा सांगितलं की तिथे गिऱ्हाइकाचा नंबर घाल. तू सगळीकडे स्वतःचा घातलास. म्हणे गिऱ्हाईक नंबर बदलतं, फोन पोरांना देतं, विहिरीत पाडतं. माजा नंबर काय बदलनार नाय. मीही गप्प बसले, कारण मला ते सोयीचं होतं. आता कशाला खोटं बोलू?

तर आज बुधवार. सोमवारी तुझा नंबर बंद झाला की आपट्याचा पंप कोणाचंच ऐकणार नाही, बर्फाचा कारखाना बोंब मारेल ती कुठेच पोहोचणार नाही, आणि येत्या अमावास्येच्या उधाणाला बांधावरचा डबा नसलेल्या माणसाला हाका मारत बसेल. रविवारपर्यंत एक्केचाळीस मशिनींना नवा मालक द्यायला हवा. आणि तो द्यायचा तर तुझ्याच नंबरावरून द्यावा लागतो. म्हणजे तुझ्या फोनवर, तुझ्या नावाने, मीच हुकूम सोडायचा की याला आता विसरा. सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. म्हणून हे लिहायला बसले.

तू पहिल्यांदा गाळ्यात आलास तेव्हा मी तुला हाकलूनच देणार होते. बेलापूरची नोकरी सोडून नवीन पनवेलमध्ये नुकताच गाळा घेतला होता. इंजिनिअर बाई, स्वतःचा धंदा, डोक्यात हवा गेलेली. तू तेव्हा मोबाईल टॉवरच्या देखभालीचं काम करायचास. खांद्यावर वायरचं भेंडोळं, चपलांना खाडीचा चिखल. ओळख ना पाळख, टेबलावरचा राउटर उचललास, खिडकीतून काढून कपाटावर ठेवलास आणि म्हणालास की समोर ती नवी बिल्डिंग चढतेय, तुमची रेंज ती खाणार. दोन काड्या होत्या त्या चार झाल्या. मी खवचटपणे विचारलं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? तू म्हणालास, टॉवरवर. दुसऱ्या दिवशी कोणी बोलावलं नसताना पुन्हा आलास, आणि मग चौदा वर्षं येतच राहिलास.

मी तुला अहो-जाहो करायची. आठवड्याभरात तू ते मोडून काढलंस. दादूसला कोन तुमी बोलतं का, म्हणालास. मला भाऊ नाही. आमच्या घरात कोणी कोणाला दादूस म्हणत नाही. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जीभ अडखळली होती, आणि आता गाळ्यात शिरले की तोंडातून आधी तेच येतं.

तुझी एक पद्धत मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही. कोणाच्या घरी राउटर बसवायला गेलो की मी सिग्नल मोजायचा मीटर काढायची. तू चपला काढून थेट आत, घरातल्या बाईकडे. काकू, फोनवर बोलाया तुमी कुटं उभ्या राता? बाई आधी लाजायची, मग हसायची, मग घेऊन जायची. मोरीच्या दाराशी, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, पाण्याच्या पिंपामागे. तू तिथेच अँटेना ठोकायचास. नंतर माझा मीटरही तेच सांगायचा आणि तू माझ्याकडे न बघता स्क्रू पिळत राहायचास. चौदा वर्षांत एकदाच फसलास, कर्जतच्या बाजूला एका बंगल्यात. तिथली सून फोनवर बोलायला गच्चीत जायची ती रेंजसाठी नव्हे, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून. परत येताना मी इतकी हसले की तुला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आपलं खरं भांडण एकच, आणि ते तू अर्धवट टाकून गेलास.

माझं म्हणणं होतं, यंत्राने गप्प बसावं. टाकी रिकामी झाली, गारवा उतरला, पाणी चढलं, तरच बोलावं. एरवी शांतता म्हणजे सगळं ठीक. बॅटरी वाचते आणि माणसाचं डोकंही. हे मी कॉलेजात शिकले नाही, घरी शिकले. आम्ही पनवेलचे बेने इस्राएल ज्यू. माझ्या लहानपणी आईची तिन्ही भावंडं एकेक करून इस्राएलला गेली. तिकडून तार आली की कोणीतरी गेलेलं असायचं. त्यामुळे पोस्टमन दारावरून तसाच पुढे गेला की आई हुश्श करायची. काही आलं नाही ना, मग बरे असतील सगळे. मी त्या घरात वाढले. माझी लेक हैफाला शिकायला गेली, तिलाही मी रोज फोन करत नाही. नाही आला फोन म्हणजे मजेत आहे.

तुझं म्हणणं बरोबर उलटं. तुझे वडील खारजमिनीच्या बांधावर राखणीला असायचे. बांधाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला गावाचं भात. उधाणाच्या दिवशी शंभर-शंभर पावलांवर एकेक माणूस उभा राहायचा. भर दुपारी पाऊस असा की चार हातांपलीकडचं दिसायचं नाही. मग टोकाचा माणूस हाक मारायचा, दुसरा ओ द्यायचा आणि पुढे हाक टाकायचा, तिसरा ओ द्यायचा, असं पार दुसऱ्या टोकापर्यंत. सगळं बरं असलं तरी. जिथून ओ आली नाही तिकडे सगळे धावायचे, कारण एकतर बांधाला खांड पडलेली असायची, नाहीतर माणूस घसरलेला असायचा. पण मग तो ओरडेल ना, मी म्हटलं होतं. तू हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघितलंस.

"बुडनारा वरडत नाय, बाय. त्याच्या तोंडात पानी असतं."

मी म्हटलं, हा डबा आहे, तुझे वडील नाहीत. तू हसलास आणि विषय सोडलास. मला वाटलं पटलं. पटलंय कसलं! पुढच्या महिन्यात आपट्याच्या पंपाची बॅटरी वेळेआधी बसली, मी डबा उघडून आतलं सेटिंग वाचलं, तर रोज सकाळी सहाला एक निरोप, तुझ्या नंबराला. निरोप म्हणजे एकच अक्षर, इंग्रजी ओ, कारण त्या डबड्यांना मराठी लिहिता येत नव्हतं. सगळ्या मशिनींमध्ये तू गुपचूप तेच करून ठेवलं होतंस. मी तुला जे काही बोलले ते शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू गेलं. तू शांतपणे म्हणालास, एकच अक्षर हाय. मग आठ दिवस आपण चिठ्ठ्या लिहून काम केलं. नवव्या दिवशी तू कुठूनसं सोलरचं पॅनेल आणून आपट्याच्या पंपावर चढवलंस आणि माझी बॅटरीची तक्रारच संपवलीस.

मीही अगदीच चूक नव्हते, हे इथे लिहून ठेवते, कारण तू आता अडवू शकत नाहीस. एका सकाळी त्या ओंच्या गर्दीत बर्फाच्या कारखान्याची धोक्याची सूचना आली आणि तुला वाटलं ही पण ओच. खोलीभर कोळंबी गेली. मालकाने आपल्या सात पिढ्यांची आठवण काढली. परतीच्या वाटेवर मी सुनावलं, रोज बडबडणाऱ्याकडे लक्ष जात नाही ते असं. दुसऱ्या दिवशी ही लांबडी वही आणलीस. डावीकडे मशिनींची नावं, तीही तुझीच: आपट्याची म्हातारी, बर्फवाला, खांद्याच्या तिघी. पुढे तारखांच्या चौकटी. तेव्हापासून रोज सकाळी घरी चष्मा नाकावर उतरवून, एकेक ओ वाचून, बरोबरची खूण. हजेरी, म्हणायचास. दहाला गाळ्यात आलास की वही तुझ्या खणात जायची. मी त्या वहीची टिंगल केली, पण ती कधी उघडून बघितली नाही.

आणि पुढच्याच पावसाळ्यात तू खरा ठरलास. बांधावरच्या डब्याची ओ आली नाही. मी म्हटलं, धोक्याची सूचना नाही ना, मग चालू दे. तू चहा अर्धा टाकून स्कूटर काढलीस. डबा पाणी मोजणाऱ्या तरंगत्या गोळ्यासकट पाण्याखाली गेला होता, सांगणार कुठून? बांधाला खांड पडायला लागली होती. अख्खं गाव पोती आणि चिखल घेऊन धावलं आणि भात वाचलं. संध्याकाळी तू कमरेपर्यंत चिखलात माखून आलास आणि फक्त चहा मागितलास. बघ, मी सांगितलं होतं, असं एकदा तरी म्हणायचंस! मी भांडले असते, हरले असते, सगळं तिथेच मिटलं असतं. तू काही म्हणालास नाहीस, म्हणून ते चालूच राहिलं. मी नवं यंत्र गप्प बसवायची, दुसऱ्या दिवशी तू त्याला ओ द्यायला शिकवायचास, आणि मी कळलंच नाही असं दाखवायची.

आपला गाळा शनिवारी बंद आणि रविवारी उघडा, हे सुरुवातीला तुला भारी गमतीचं वाटायचं. दर वर्षी आमच्याकडे मलिद्याच्या प्रार्थनेला यायचास, ओलं खोबरं घातलेले गोड पोहे दोन ताटल्या खायचास आणि माझ्या आईला सांगायचास की ज्या देवाला खोबरं आवडतं तो आमच्यातलाच. आई गेली त्या वर्षी मलिदा करायचं माझ्या मनात नव्हतं. तू नारळ घेऊन आलास आणि स्वयंपाकघरात पाट मांडून खवायला बसलास. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत.

आता ते लिहिते जे अकरा दिवस कोणाला बोलले नाही.

त्या गुरुवारी तू डावा खांदा चोळत होतास. विचारलं तर म्हणालास, शिडी उचलली. शुक्रवारी पित्त झालंय म्हणून सोडा प्यायलास आणि दुपारीच घरी गेलास. शनिवार सुट्टीचा. रविवारी सकाळी दहाला खांदा कॉलनीतल्या एका दवाखान्यात राउटर बसवायचा होता आणि तू आला नाहीस. फोनही नाही. मी काय केलं सांगू? मी चिडले. मग स्वतःशी म्हटलं, फोन नाही म्हणजे ठीक असेल, गावात कोणाची तरी हळद असेल. एकटी गेले. तिथल्या नर्सबाईला तुझाच प्रश्न विचारला, तिने दाखवलं तिथे अँटेना लावली, चारही काड्या आल्या. इतकी खूश झाले की सोमवारी तुला टोमणा मारायचं ठरवलं, तुझ्यावाचून काही अडत नाही म्हणून. तेव्हा तू तिथून दोन रस्ते पलीकडे इस्पितळात होतास. शनिवारपासून.

दुपारी वहिनीचा फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं.

आमच्यात घरचं माणूस गेलं की सात दिवस जमिनीलगत बसतात. तुझ्यासाठी बसायला मी तुझी कोण? तरी बसले. गाळ्यात, तुझ्या बुटक्या स्टुलावर, शटर अर्धं ओढून. गिऱ्हाईक वाकून आत बघायचं आणि निघून जायचं.

आणि काल पिशवी माझ्या हातात देताना वहिनी बोलून गेली. शनिवारीच ती मला कळवणार होती, तर तू नको म्हणालास. सुट्टी हाय तिची, उद्या कळव. रविवारी सकाळी तुझ्या उशाशी फोन वाजत राहिला, तो थांबला, आणि तू विचारलंस, "बायचा फोन आयला?" ती म्हणाली, येईल. दहा वाजून गेल्यावर पुन्हा विचारलंस. तेव्हा ती मला फोन लावणारच होती, तेवढ्यात डॉक्टर आले आणि तिला बाहेर जायला सांगितलं. जाता जाता ती तुला खोटंच म्हणाली, येऊन गेला, तुमी झोपला होता.

एक्केचाळीस डबड्यांनी तुला ओ दिली, दादूस. मी दिली नाही. दहा वाजता तू आला नाहीस तेव्हा फोन माझ्या हातात होता. एक नंबर लावायचा होता. तुझ्याबरोबर चौदा वर्षं काम करून मला एवढं कळू नये की तू येणार नसलास तर सांगितल्याशिवाय राहणारा माणूस नव्हेस? मी गप्पपणाचा अर्थ ठीक असा लावला आणि अँटेनाचे स्क्रू पिळत बसले. हे मला आयुष्यभर पुरेल.

वर लिहिल्याला पाच दिवस झाले. पुढचं आज सांगते.

गुरुवारी मी सुरुवात केली. पहिली आपट्याची म्हातारी. तुझ्या फोनवर हुकूम लिहिला, माझा नंबर घातला, आणि अर्धा तास त्याच्याकडे बघत बसले. मग पाठवला. तिचं लगेच उत्तर, ओके. जरासुद्धा वाईट वाटलं नाही मेलीला. तू असतास तर रुसला असतास.

सगळ्या मशिनींची यादी तुझ्याच वहीत होती, म्हणून वही उघडावी लागली. शेवटचं पान काढलं. एक्केचाळीस ओळी आणि त्याखाली बेचाळिसावी. तिच्यापुढे नाव होतं, बाय.

मला आधी वाटलं, कुठलं तरी यंत्र असेल. मागची पानं चाळली. प्रत्येक पानावर शेवटची ओळ तीच. रविवार ते शुक्रवार बरोबरची खूण, शनिवारी आडवी रेघ. म्हणजे मी दहाला गाळ्यात आले की तू खणात वाकायचास ते यासाठी! मग मला डेंग्यू झाला होता तो आठवडा शोधला. मी गाळ्यात आलेच नव्हते, तरी खुणा होत्या. मी चक्रावले, आणि मग आठवलं. रोज सकाळी तू घरी फोन करायचास. लाल हँडलचा स्क्रूड्रायव्हर कुटं हाय? दुसऱ्या दिवशी पक्कड. तिसऱ्या दिवशी पुन्हा स्क्रूड्रायव्हर. मी तापात वैतागून म्हणायची, खणात आहे, डोळे उघडून बघ, आणि फोन आपटायची. तुला ओ मिळालेली असायची.

शेवटच्या रविवारी एक्केचाळीस खुणा आहेत, पण हात तुझा नाही. वहिनीला विचारलं तर म्हणाली, पेन धरवत नव्हतं, ते वाचून दाखवायचे आणि मी खुणा करायची. बेचाळिसावी चौकट कोरी आहे. वहिनीने तुला खोटं सांगितलं, पण वहीत खोटी खूण केली नाही.

शुक्रवारी दुपारी मी लेकीला फोन लावला, काही कारण नसताना. तिने उचलल्या उचलल्या विचारलं, "आई, कोण गेलं?" माझ्या फोनचा अर्थ माझ्या मुलीने हा लावावा! मी तिला तुझं सांगितलं. ती खूप रडली. लहानपणी टॉवर दाखवायला तूच घेऊन गेला होतास तिला. फोन ठेवताना म्हटलं, आता रोज करेन. ती म्हणाली, बघू.

शुक्रवार संपेपर्यंत चाळीस झाली. राहिला बांधावरचा डबा. तो आपला पहिला, सगळ्यात जुना. आतलं बटण दाबून धरल्याशिवाय तो नंबर बदलत नाही, म्हणजे तिथे जाणं भाग. काल रविवारी वहिनीला बरोबर घेतलं. ओहोटी होती. बांधावर डब्यापाशी पोहोचलो, झाकण उघडलं, तर डब्याची अँटेना बांबूवर उंच, पण खाली तुझ्या फोनला रेंजच नाही. मी चारी बाजूंना हात उंचावून फिरले. शेवटी तुझाच प्रश्न विचारला. वहिनी, तुम्ही फोनवर बोलायला कुठे उभ्या राहता?

ती चालत गेली, पार उघाडीपर्यंत, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर करायचं ते दार आहे तिथे. त्याच्या दगडावर चढून उभी राहिली. म्हणाली, इथनं त्यांना जेवाया बोलवायची मी. मी विचारलं, तुम्हाला दादूसने कधी विचारलं होतं ही जागा? ती समोरच्या टॉवरकडे बघत म्हणाली, "मला कशाला इचारतील? ते वरती असायचे. तिथनं मी दिसायची."

फोन तिच्या हातात दिला. हुकूम लिहून ठेवला होता, फक्त पाठवायचा होता. मी डब्याकडे परत आले, बटण दाबून धरलं. मध्ये शंभर पावलं, आणि खाडीवरचा वारा असा की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना. मी होतं-नव्हतं तेवढं बळ काढून हाक मारली, वहिनी! तिकडून ओ आली. लांबलचक, उघडी ओ. ती त्या गावची सून आहे, तिला शिकवावं लागलं नाही. मग तिने फोनवरचं बटण दाबलं. मी डब्याला हात लावून उभी राहिले, उगाचच, जसा तू लावायचास. आतला हिरवा दिवा तीनदा लुकलुकला. वहिनी दगडावरून उतरली, फोन पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला.

आज सोमवार. सकाळी सहाला तुझा फोन ओट्यावर गप्प होता. माझा वाजला. मी तुझी वही पुढ्यात घेतली, चष्मा नाकावर उतरवला आणि एकेक वाचत खुणा केल्या. आपट्याची म्हातारी, बर्फवाला, खांद्याच्या तिघी. बांधावरचा डबा रेंगाळत, शेवटी. एकाचीही ओ मी बंद केलेली नाही आणि करणार नाही. भांडण तू जिंकलास, दादूस. हे ऐकायला तू हवा होतास. मी हे तोंडावर कबूल केल्यावर तुझं तोंड कसं झालं असतं ते मला बघायचं होतं, फार बघायचं होतं.

त्या रविवारची कोरी चौकट मी कोरीच ठेवली आहे.

मग आजच्या पानावर माझ्या नावाखाली एक ओळ आखली, वहिनी असं लिहिलं आणि तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, वहिनी, दादूसच्या फोनचा चार्जर तुमच्याकडे राहिला का? ती म्हणाली, बाय, पिशवीतच तर दिला तुला. मी म्हटलं, हो का, बघते. तिने फोन ठेवला नाही. थोडा वेळ नुसता तिच्या घरातला आवाज येत राहिला, भांड्याचा, गॅसचा. मग तिने विचारलं, "तू बरी हायस ना बाय?"

मी म्हटलं, ओ, वहिनी.

आणि फोन ठेवून तिच्या नावापुढे खूण केली, आणि वरच्या ओळीत माझ्या नावापुढे.